परबांच्या मशीनचा उखाणा

राजेश परबांना विद्यापीठात प्रवेश मिळाला, त्या दिवशी त्यांच्या वडिलांनी लिहून दिलं की आपला मुलगा कोणाचंही रॅगिंग करणार नाही. मुलाचं वय त्रेपन्न होतं. वडील, विठोबा परब, ऐंशी उलटलेले. गिरणीत उभा जन्म काढलेल्या विठोबांनी चष्मा पुसून तो कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "ह्या रॅगिंग म्हंजे काय?"

"नव्या पोरांना छळतात, आबा."

"आणि तू छळतलंस?"

"मी कशाला छळीन? नियम आहे. पालकाची सही लागते."

"तुझी बायल तुका रोज छळता, तिचो कागद खंय आसा?" असं विचारून विठोबांनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली आणि सही केली.

हा कागद सर्वांत सोपा होता. परबांची संख्याशास्त्राची पदवी जुनी, त्यानंतर तीस वर्षं विमा कंपनीत नोकरी, मग स्वेच्छानिवृत्ती. या मधल्या तीस वर्षांत आपण काय केलं याचं प्रतिज्ञापत्र विद्यापीठाला हवं होतं. फोर्टातल्या नोटरीकडे त्याचा मजकूर तयारच होता : 'सदर कालावधीत मी घरीच होतो व कोणत्याही गैरकृत्यात सहभागी नव्हतो.' परब म्हणाले, मी घरी नव्हतो, ऑफिसात होतो, एकही लेटमार्क नाही. नोटरी म्हणाला, "ऑफिस लिहिलं तर ऑफिसचा दाखला जोडा, दाखल्यावर शिक्का आणा, शिक्क्यावर सही आणा. घरी लिहा, आत्ता मोकळे व्हा." परबांनी घरी लिहिलं. तीस वर्षांची चोख नोकरी अशी एका स्टॅम्पपेपरवर पुसली गेली. ते वाचून त्यांच्या पत्नी अनुजाताई एवढंच म्हणाल्या, "तीस वर्षं घरीच होतात, तर मोरीचा नळ गळतोय ते कसं दिसलं नाही हो?"

पण खरी अट विद्यापीठाची नव्हती. ती घरातली होती. परबांनी डेटा सायन्सच्या एम.एस्सी.ला नाव घातलं होतं, आणि त्याच विभागात, त्याच अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला त्यांची मुलगी श्रेया शिकत होती. म्हणजे ती सीनियर, हे ज्युनियर.

श्रेयाने भांडण केलं नाही, हे परबांना जास्त लागलं. ती शांतपणे समोर बसली. "बाबा, बिल्डिंगमध्ये मी परबांची श्रेया. शाळेत परबांची श्रेया. मंडळात आरतीला उभी राहिले तरी मागून कोणीतरी म्हणतंच, ही परबांची ना? तिथे मी फक्त श्रेया आहे. पहिल्यांदाच. तेवढं मला राहू दे."

"म्हणजे मी येऊ नको?"

"ये ना. पण तिथे तू माझा कोणी नाहीस. हाक मारायची नाही, डबा विचारायचा नाही, बघून हसायचं नाही. एकाला जरी कळलं, तर तू नाव काढून घ्यायचं. कबूल?"

परबांनी कबूल केलं. आणि परबांचा शब्द म्हणजे विम्याची पॉलिसी नव्हे, की तिच्या मागे बारीक अक्षरात अटी छापलेल्या असतील. तीस वर्षं ती बारीक अक्षरं लोकांना समजावून सांगितलेल्या माणसाने ठरवलं होतं, की स्वतःचा शब्द मोठ्या अक्षरातच ठेवायचा.

परब आडनावाचं एक बरं असतं. मुंबईत दोन परब एका खोलीत दिसले म्हणून कोणी नातं जोडायला जात नाही. विभागात तर चार परब होते. त्यातला एक तर शिपाई होता आणि तोच काय तो परबांना ओळख दाखवी, "गाव खंयचो?" म्हणून. पहिल्या दिवशी परब वर्गात शिरले तेव्हा सगळी मुलं उठून उभी राहिली. परब मागे जाऊन बाकावर बसले, तेव्हा ती गोंधळून पुन्हा उभी राहिली. महिन्याभरात सवय झाली. मुलं त्यांना 'काका' म्हणू लागली, आणि त्यांच्या व्यवस्थित अक्षरातल्या नोट्सचे फोटो वर्गभर फिरू लागले. विनीत नावाचा मुलगा तर म्हणाला, "काका, तुम्ही होता म्हणून मला प्रोबॅबिलिटी कळली, नाहीतर मी घरी दुकानातच बसणार होतो." त्या दिवशी परब काळाचौकीच्या घरापर्यंत चालत आले. बसमध्ये इतका आनंद मावला नसता.

त्रास होता तो डब्याचा. अनुजाताई सकाळी दोन डबे भरत. परबांना भात लागे, श्रेयाला पोळी. डबे सारखेच, हॅवरसॅकही सारख्याच, एका घेतल्यावर एक फुकट मिळालेल्या. आठवड्यातून एकदा तरी अदलाबदल होई. मग कँटीनच्या एका कोपऱ्यात श्रेया, जिला दुपारी भात खाल्ला की झोप येते, ती भात खात बसे, आणि दुसऱ्या कोपऱ्यात परब, ज्यांना पोळीने पोट भरल्यासारखं वाटत नाही, ते पोळ्या मोडत बसत. दोघांनाही कळलेलं असे. मध्ये फक्त चार टेबलं असत. परब मान वर करत नसत. शब्द म्हणजे शब्द.

असे ते सहा महिने निभावले. मग आला प्रकल्प.

प्रकल्पाच्या मार्गदर्शक होत्या प्राध्यापक रंजिता वैती. वरळी कोळीवाड्यातल्या, बोलायला रोखठोक. परबांनी विषय निवडला होता : साधं, बोललं जाणारं मराठी ऐकून लिहून घेणारं मशीन. शिवाय बोलणारा मध्येच अडखळला, तर पुढचं वाक्यही त्याने लिहून आणि बोलून सुचवायचं. विभागाकडे पुस्तकी मराठी जाणणारं एक मॉडेल तयार होतं. त्याला काळाचौकीचं मराठी शिकवायचं, एवढंच काम.

"कल्पना छान आहे," वैती मॅडम म्हणाल्या. "पण आवाज स्वतः गोळा करा. इंटरनेटवरून उचलायचे नाहीत. आणि परब, मासा घेताना कल्ले उघडून बघता ना? तसा डेटा उघडून बघायचा. वास येईपर्यंत थांबायचं नाही."

"तीस वर्षं क्लेम तपासले आहेत, मॅडम," परब जरा ताठ होऊन म्हणाले.

आवाज गोळा करण्याआधी प्रत्येकाचं संमतीपत्र घ्यायचं, असा विद्यापीठाचा नियम. परबांनी सुबक छापलेली संमतीपत्रं घेतली आणि रविवारी सकाळी बिल्डिंगमध्ये फिरायला सुरुवात केली. आता, ज्या बिल्डिंगीचा पुनर्विकास गेली कित्येक वर्षं होऊ घातलेला आहे, त्या बिल्डिंगीत रविवारी सकाळी संमतीपत्र घेऊन फिरणं म्हणजे काय, हे विद्यापीठातल्या कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं. परबांना मात्र माहीत असायला हवं होतं. दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचेतो खाली अंगणात घोळका जमला. सोसायटीचे सेक्रेटरी भिवा चव्हाण बनियनवरच जिना चढून आले.

"परब, तुम्ही बिल्डरला कधी मिळालात?"

"अहो भिवाशेठ, हे आवाजाचं आहे."

"आवाजच दाबतात आधी. कारपेट एरिया किती देतोय ते बोला."

परबांनी सगळा कागद मोठ्याने वाचून दाखवला. त्यात 'आपण केव्हाही माघार घेऊ शकता' असं एक वाक्य होतं. ते ऐकल्यावर तर सगळ्यांची खात्रीच पटली, की हा बिल्डर फसवा आहे; कारण माघार घेऊ देणारा बिल्डर कोणी पाहिलेला नव्हता. सायंकाळपर्यंत अशी अफवा होती की परबांना चौदाव्या मजल्यावर समुद्राच्या बाजूचा फ्लॅट मिळणार आहे. तळमजल्यावरचे दौलत गावडे, परबांचे तीस वर्षांचे मित्र, तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी आले ते थेट म्हणाले, "रे मेल्या, समुद्र बघतलंस एकट्यानंच?"

गैरसमज मिटल्यावर दौलतच पहिला आवाज द्यायला तयार झाले. परबांना याचा फार आनंद झाला, कारण दौलत म्हणजे गिरणगावातल्या बोलीचा चालता झरा. पाण्याच्या टँकरवाल्याशी ते बोलू लागले की वरच्या मजल्यावरच्या बायका मुलांना आत घेत. परबांनी मोबाईल पुढे धरला. दौलतनी शर्टाची वरची गुंडी लावली, घसा साफ केला आणि म्हणाले, "सन्माननीय व्यासपीठ आणि जमलेल्या माझ्या तमाम बंधू-भगिनींनो."

"दौलत, नेहमीसारखं बोल."

"नेहमीसारखंच बोलत आहे," दौलत म्हणाले. "आज आपण येथे का जमलो आहोत?"

पुरुषांचा एकूण निकाल असाच लागला. कोणी भाषण केलं, कोणी माहितीच्या अधिकाराचा अर्ज तोंडी वाचला. भिवाशेठनी तर सबंध वार्षिक अहवाल सांगितला आणि शेवटी 'सूचक, अनुमोदक' असं म्हणून परबांकडे पाहिलं. चौथ्या मजल्यावरच्यांनी ऐकलं होतं की आवाजावरून हल्ली बँकेतले पैसे जातात, त्यामुळे ते नाक धरून बोलले.

प्रकल्पाची मुदत जवळ येत होती आणि परबांकडे उपयोगाचं मराठी जवळजवळ नव्हतं. तेव्हा अनुजाताईंनी भाजी निवडता निवडता तोडगा काढला.

"रविवारी माझं हळदीकुंकू आहे. सगळ्या बायका येतील. त्या बोलतात ते काय तुमच्या मशीनला चालत नाही?"

परबांना हे आधी का सुचलं नाही याचं वाईट वाटलं. बायका सहज बोलतात, भरभर बोलतात, भाषण करत नाहीत. त्यांनी एक कागद तयार केला : 'घर, बाजार, प्रवास अशा कोणत्याही विषयावर मोकळेपणाने बोलावे.' लॅपटॉप हॉलमधल्या टीपॉयवर ठेवला, त्याला छोटा माईक जोडला आणि आदल्या संध्याकाळी बिल्डिंगमधल्या चार प्रमुख बायकांना बोलावून सगळं समजावलं. दौलतच्या पत्नी रमाबाईंनी मुद्द्याला हात घातला.

"भावजी, पण हे आम्ही बोलणार ते ऐकणार कोण?"

"कोणी नाही, वहिनी."

"तुम्ही?"

"मीसुद्धा नाही. बायकांचं बोलणं आहे, मी कशाला कान लावीन? फक्त मशीन ऐकेल. माझा शब्द."

हा परबांनी दिलेला दुसरा शब्द. तो देताना त्यांना पहिल्याची आठवणही झाली नाही, आणि होण्याचं काही कारणही दिसत नव्हतं.

रविवारी हळदीकुंकवाच्या वेळी घरात पुरुषाचं काम नसतं. परब, विठोबा आणि दौलत खाली सोसायटीच्या ऑफिसात बसले आणि वरून येणारे हास्याचे स्फोट ऐकत राहिले. दर स्फोटाला परब समाधानाने मान हलवत. "सहज बोलताहेत," ते म्हणत. संध्याकाळ झाली तरी जिन्यावरची वर्दळ थांबेना. बाजूच्या बिल्डिंगमधल्या बायका आल्या. मासळीवाल्या सखुबाई टोपली खाली ठेवून, पदर सारखा करून वर गेल्या. लालबागहून कोणाच्या तरी नणंदा आल्या. वाणाच्या चाळण्या संपल्या, मग अनुजाताईंनी आधीच्या वर्षीचे उरलेले चमचे काढले.

वर काय झालं ते परबांना पुष्कळ उशिरा कळलं; वाचकांनी तेवढं थांबायचं कारण नाही. पहिल्या बाईने तो कागद वाचला, माईककडे पाहिलं आणि तिची वाचाच बसली. घर, बाजार, प्रवास यातलं तिला काहीही आठवेना. अनुजाताई यजमानीण. पाहुणी अवघडली की सावरून घेणं त्यांचं काम. त्या पुढे झाल्या, "अगं, यात काय एवढं? हे बघ, अशी मी सुरुवात करते," म्हणाल्या, आणि हळदीकुंकवात माईक पुढे आला की काळाचौकीची बाई जे करते तेच त्यांनी केलं. उखाणा घेतला. मग त्या पाहुणीने घेतला. मग तिच्या मागचीने. नंतर येणारी प्रत्येक बाई दारातच विचारी, काय करायचं? आणि अनुजाताई प्रत्येकीला, न कंटाळता, आपलाच उखाणा म्हणून दाखवत. माईक अर्थातच चालू होता. शेवटी लॅपटॉपही घरातलाच म्हणून त्यालाही हळदकुंकू लावलं गेलं. कोणीतरी त्याच्यापुढे तिळगूळही ठेवला. त्यातला थोडा कीबोर्डच्या फटीत गेला आणि तेव्हापासून माईक बंद करायचं बटण चिकटून बसलं.

परबांनी रात्री फायलींची संख्या पाहिली आणि त्यांना भरून आलं. एकीचीही फाईल उघडली नाही. विभागाच्या सॉफ्टवेअरने आवाजांचं आपोआप लिखाण केलं, तेही वाचलं नाही. सगळं तसंच्या तसं मशीनला भरवलं.

घरी चोरून मदत करणारी श्रेया म्हणाली, "बाबा, दहा फायली तरी ऐक. डोळ्यांखालून घाल."

"शब्द दिलाय."

"अरे, शब्द काय? डेटा आहे तो."

"श्रेया," परब गंभीरपणे म्हणाले, "मी तुलाही शब्द दिलाय. तोही डेटा म्हणू का?"

पुढे काही दिवसांनी मॉडेल शिकून तयार झालं. त्याची परीक्षा घ्यायची तर थोडे आवाज बाजूला काढून ठेवायचे असतात. ते परबांनी ठेवले होते, त्याच रविवारचे. अचूकता इतकी उत्तम निघाली की परबांनी वहीत तिच्याखाली दोन रेघा ओढल्या. मग स्वतः माईकसमोर बसून त्यांनी विम्याच्या हप्त्यांवर बराच वेळ बोलून पाहिलं. मशीनने शब्द न् शब्द बरोबर लिहून घेतला. पुढचं वाक्य सुचवण्याची वेळ मात्र त्याच्यावर आली नाही, कारण ते अडखळणाऱ्या माणसासाठी होतं, आणि विम्याच्या हप्त्यांवर बोलताना परब आयुष्यात अडखळले नव्हते.

सादरीकरणाला पुण्याहून परीक्षक आले होते. सभ्य, सडपातळ गृहस्थ. एकेक शब्द निवडून, मध्ये बऱ्यापैकी जागा सोडून बोलणारे. त्यांच्या शेजारी वैती मॅडम. वर्ग भरलेला. शेवटच्या बाकावर वेळ मोजायला दुसऱ्या वर्षाची मुलं बसली होती आणि त्यांत श्रेया होती. परबांनी तिकडे पाहिलं नाही. इस्त्रीचा शर्ट, ऑफिसातलं जुनं पेन खिशाला, अशा थाटात त्यांनी प्रस्तावना केली. मोठ्या पडद्यावर मशीन त्यांचं प्रत्येक वाक्य बिनचूक लिहीत होतं. वैती मॅडमच्या चेहऱ्यावर कौतुक दिसलं. परबांनी माईक परीक्षकांकडे सरकवला.

"आपण काहीही बोला, सर."

परीक्षक पुढे झुकले. "आपल्या या प्रणालीचा," असं म्हणून ते नेहमीप्रमाणे पुढचा शब्द निवडायला थांबले.

मशीनने एक क्षण वाट पाहिली. मग पडद्यावर अक्षरं उमटली आणि स्पीकरमधून एका निर्विकार बाईचा आवाज आला :

"आपल्या या प्रणालीचा, गॅलरीत तुळस, दारात रांगोळी, दौलतरावांच्या रागावर औषध माझी पुरणपोळी."

वर्गात कोणीतरी तोंडावर हात दाबल्याचा आवाज आला. परबांचा चेहरा, ज्याचा क्लेम नाकारला गेला आहे अशा माणसासारखा झाला.

"पुन्हा करून पाहू," वैती मॅडम घाईने म्हणाल्या.

"मला इतकंच विचारायचं आहे, की..." परीक्षक म्हणाले आणि थांबले. थांबायला नको होतं.

"की बोंबील घातले वाळत, कोळंबी केली साफ, दिनेशरावांच्या घोरण्याला शेजारी करतात माफ."

आता वर्ग आवरण्यापलीकडे गेला. विनीत बाकाखाली काहीतरी पडल्यासारखा वाकला तो वर येईना. परब लॅपटॉपकडे धावले आणि माईकचं बटण दाबू लागले. बटण तिळगुळात घट्ट बसलं होतं. त्याच वेळी त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रमाबाई झाल्या. दिनेशरावांच्या सखुबाई झाल्या. म्हणजे यजमानीणही कुठेतरी आत असणारच. तिने काय म्हटलं असेल, याची कल्पना येताच ते माईकसमोरच उभे राहून, जन्मात पहिल्यांदा, अडखळले.

"सर, मी... मी..."

मशीनला हे शब्द चांगलेच ओळखीचे होते. इतर उखाणे त्याने एकेकदा ऐकले होते. हा त्याने त्या रविवारी दारात आलेल्या प्रत्येक बाईमागे एकदा ऐकला होता. ते अजिबात थांबलं नाही.

"मी सकाळी दोन डबे भरते, एकात पोळी, एकात भात, लेक श्रेया सीनियर, राजेशराव ज्युनियर, एकाच कॉलेजात!"

हशा ऐन भरात होता तो हळूहळू विरला. मुलं पडद्याकडे पाहत होती, मग परबांकडे, मग एकमेकांकडे. परीक्षकांनी समोरचा कागद डोळ्यांजवळ नेला.

"राजेश विठोबा परब. म्हणजे राजेशराव... आपणच का?"

"नाही, सर," परब म्हणाले. "राजेश नावाची पुष्कळ माणसं असतात."

"आणि श्रेया?"

परबांनी शेवटच्या बाकाकडे पाहिलं नाही. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस ज्या आवाजात बोलतो, त्या आवाजात ते म्हणाले, "काल्पनिक आहे, सर. दोन्ही पात्रं काल्पनिक आहेत. डबेसुद्धा."

मागे बाक सरकल्याचा आवाज आला.

"सर, काल्पनिक नाही," श्रेया उभी राहून म्हणाली. "श्रेया मी. आणि हे माझे बाबा. त्यांना खोटं बोलता येत नाही, प्लीज त्यांना यावर अजून प्रश्न नका विचारू." ती पुढे आली आणि तिने माईकची वायरच उपटली. जे बटणाला जमलं नाही ते झालं.

"मिस्टर परब," परीक्षक म्हणाले, आता निर्धास्तपणे थांबत थांबत, "आपण हा डेटा... एकदाही... ऐकला नाहीत?"

"नाही, सर. ऐकणार नाही असा बायकांना शब्द दिला होता."

वैती मॅडम हळूच म्हणाल्या, "कल्ले उघडायला सांगितले होते मी."

"उघडले असते तर आबरू गेली असती, मॅडम," परब म्हणाले. "न उघडून गेली."

प्रकल्प नापास झाला नाही. एकाच घरात, एकाच दुपारी, एकाच कारणाने जमलेल्या लोकांकडून आवाज घेतले तर मशीन जगाला काय समजतं, याचं इतकं ठळक उदाहरण आपल्या पाहण्यात नाही, असं परीक्षकांनी लेखी नोंदवलं. प्रकल्पाचं नाव बदलून, बायकांची रीतसर परवानगी घेऊन, तो नव्याने लिहायला सांगितला. जाताना त्यांनी पुरणपोळीवाला उखाणा कागदावर उतरवून घेतला. त्यांच्या घरीही कोणी तापट असावं.

घरी अनुजाताईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "तुम्हीच म्हणालात ना, कोणी ऐकणार नाही?" श्रेया मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली होती, तिचा फोन लागत नव्हता. परबांनी त्याचा अर्थ लावला तो लावला. एकाला कळलं असतं तरी नाव काढायचं ठरलं होतं. इथे सबंध विभागाला कळलं होतं, तेही यमकासकट.

प्रवेश रद्द करण्याचा अर्ज त्यांनी दुसऱ्याच दिवशी आणला आणि सुवाच्य अक्षरात भरला. खाली रकाना होता : पालकाची सही. विठोबांनी पेन हातात घेतलं, कागद वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"येकदा सही केलंय, झील कोणाक छळूचो नाय म्हणान. आता शाळा सोडूक सही मागतंस, ह्या माका छळणाच झाला."

"आबा, शब्द दिलाय मी तिला."

"मगे तिची सही घे," विठोबा म्हणाले आणि टीव्ही लावला.

रात्री उशिरा परतलेली श्रेया सकाळी उठायच्या आत परब डबा उचलून निघाले आणि दुपारी बिनसहीचाच अर्ज घेऊन विद्यापीठाच्या खिडकीवर रांगेत उभे राहिले. ऐन जेवणाच्या सुट्टीची वेळ, व्हरांडा मुलांनी भरलेला. परबांना पाहून दोघं-तिघं 'राजेशराव!' म्हणाली, पण प्रेमाने. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज उलटसुलट पाहिला.

"पालकांची सही कुठाय?"

"पालक तयार नाहीत."

"मग पालकांना घेऊन या."

"वय झालंय त्यांचं. बसची दगदग झेपत नाही."

"तुमचं वय काय?" कारकुनाने विचारलं, आणि त्याचं उत्तर द्यायच्या आत व्हरांड्याच्या त्या टोकाकडून हाक आली. सगळ्या गर्दीवरून, काळाचौकीत तिसऱ्या मजल्यावरून खालच्या माणसाला मारतात तशी.

"बाबा!"

श्रेया हातात डबा उंच धरून गर्दीतून वाट काढत येत होती.

"किती वेळ शोधतेय! भात माझ्याकडे आलाय. दे माझ्या पोळ्या."

परबांनी अर्ज पाठीमागे धरला. तिने तो मागून काढून घेतला, वाचला.

"हे काय?"

"ठरलं होतं आपलं," परब म्हणाले. "एकाला जरी कळलं तर..."

"एकाला कळलं तर, असं ठरलं होतं," श्रेया म्हणाली. "सगळ्यांना कळलं तर काय करायचं, हे कुठे ठरलं होतं?"

तीस वर्षं अटींची बारीक अक्षरं वाचलेल्या परबांनी या कलमावर मनातल्या मनात पुष्कळ विचार केला. पळवाट होती. पण कायदेशीर होती.

"अहो, अर्ज देताय ना?" खिडकीतून कारकून ओरडला. "मागे लाईन आहे!"

श्रेयाने जवळच्या कट्ट्यावरची धूळ फुंकली, अर्ज उलटा करून त्यावर पसरला आणि बापलेकीने त्यावर समोरासमोर डबे उघडले. भाजी दोन्हीत कोबीचीच होती.